लसीकरणाचे प्रशिक्षण : फ्रिजपासून बाळाच्या मांडीपर्यंत

६ जुलै २०१८ रोजी सामोआ या बेटांच्या देशात दोन बाळांना गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस टोचली गेली आणि थोड्याच वेळात दोन्ही बाळे दगावली. लसीत काहीही दोष नव्हता. लसीची कोरडी भुकटी ज्या पाण्यात कालवायची, त्याऐवजी भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरतात ते औषध कुपीत गेले होते. त्याआधी २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिब भागात अगदी हीच चूक झाली होती आणि १५ मुले गेली होती. सामोआत त्यानंतर ही लस देणे कित्येक महिने थांबले, पालकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली तेव्हा त्या छोट्याशा देशात ८३ जणांचा बळी गेला. त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती.

मुळाशी गेले तर चूक एवढीच, की हातात आलेल्या कुपीचे लेबल वाचले गेले नाही. लेबल वाचावे हे प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला ठाऊक असते. पण चाळिसावे बाळ समोर रडत असताना, मान भरून आलेली असताना, ठाऊक असलेली गोष्ट हातून आपोआप होते का, हा खरा प्रश्न आहे. मी बरीच वर्षे लसीकरणाचे प्रशिक्षण देते आहे, आणि माझा सगळा भर आता या एकाच गोष्टीवर आला आहे: वर्गात काय सांगितले याला फारसे महत्त्व नाही, कर्मचाऱ्याच्या हाताला कशाची सवय लागली ते पाहायचे. पुढचा सगळा आराखडा त्याच हिशोबाने मांडला आहे. तुमच्या देशाचे वेळापत्रक आणि नियम वेगळे असतील, ते त्या त्या जागी घाला.

आधी सत्र पाहा, मग वर्ग आखा

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी ज्यांना शिकवायचे आहे त्यांच्यापैकी दोन-तीन ठिकाणची लसीकरण सत्रे पूर्ण पाहा. सकाळी फ्रिज उघडण्यापासून ते लस न्यायचा थंड डबा, म्हणजे कॅरियर, रिकामा परत येईपर्यंत. मध्ये बोलू नका, दुरुस्त्या सुचवू नका. फक्त बाळाच्या जिवाला धोका दिसला तर लगेच थांबवा. वहीत तीनच गोष्टी लिहा: काय झाले, किती वाजता झाले, त्या वेळी हात कुठे होते.

असे पाहिले की जे कळते ते प्रश्नावलीतून कधीच कळत नाही. एका केंद्रावर तापमानाची वही अगदी टापटीप भरलेली होती, महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४ अंश. एकदाही ३ नाही की ५ नाही. थर्मामीटर फ्रिजच्या मागे पडला होता आणि त्याचा काटा अडकला होता. तिथल्या कर्मचारी बाईंना लस ठेवायची २ ते ८ अंश सेल्सिअस ही मर्यादा झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. त्यांना तीच मर्यादा पुन्हा शिकवून काय मिळणार होते? त्यांना हवा होता थर्मामीटर वाचायचा सराव, आणि तो बिघडला तर कुणाला फोन करायचा याचे उत्तर.

पाहणीनंतर सापडलेल्या त्रुटींची विभागणी करा. काही माहितीच्या अभावाने असतात, काही सरावाच्या अभावाने, आणि काही सामान किंवा व्यवस्था नसल्यामुळे. तिसऱ्या प्रकारच्या त्रुटी प्रशिक्षणाने सुटत नाहीत. सेफ्टी बॉक्सच मिळत नसेल तर सुया कुठे टाकायच्या यावर व्याख्यान देणे हा त्या माणसाचा अपमान आहे. ती यादी वरिष्ठांकडे आधी द्या आणि त्याचा पाठपुरावा करा.

माणसे किती, सामान काय

कौशल्ये शिकवताना एका प्रशिक्षकामागे पाच-सहा जणांपेक्षा जास्त नकोत. चाळीस जणांच्या सभागृहात फक्त बोलणे होते. जागा अशी घ्या की खराखुरा लसीचा फ्रिज आणि चालू लसीकरण सत्र हाकेच्या अंतरावर असेल.

सामान आधी गोळा करा: सरावाच्या कुप्या, ऑटो-डिसेबल (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंज, कालवण्याच्या सिरिंज, सेफ्टी बॉक्स, व्हॅक्सिन कॅरियर, आइस पॅक, लसीकरणाची कोरी आणि भरलेली कार्डे, बाळाच्या आकाराची बाहुली, टोचण्याच्या सरावासाठी फोमच्या गाद्या, त्वचेतल्या इंजेक्शनसाठी संत्री. मुदत संपलेल्या कुप्या सरावाला वापरत असाल तर प्रत्येकीवर ठळक अक्षरांत ‘फक्त सरावासाठी’ अशी चिठ्ठी डकवा, मोजून द्या आणि मोजून परत घ्या. सरावाची कुपी लसीच्या फ्रिजमध्ये चुकूनही जाता कामा नये. इदलिबमध्ये काय झाले ते आठवा.

फ्रिजसमोरचा अर्धा दिवस

शीतसाखळी, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, स्लाइडवर शिकवू नका. सगळ्यांना फ्रिजपाशी उभे करा.

उष्णतेने लस खराब होते हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे भीतीपोटी लस जास्तच थंड ठेवली जाते. गोठल्यामुळे होणारे नुकसान अधिक फसवे असते, कारण डोळ्यांना काही दिसत नाही. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), धनुर्वात-घटसर्प, न्यूमोकोकल, एचपीव्ही या लसी एकदा गोठल्या की कामातून गेल्या. वितळून पुन्हा पाण्यासारख्या दिसल्या तरीही. उलट तोंडावाटे द्यायची पोलिओची लस गोठण्याने बिघडत नाही, उष्णतेने मात्र फार लवकर बिघडते. हा फरक तोंडी विचारू नका. प्रत्येकाच्या हातात कुप्यांचा एक ट्रे द्या आणि फ्रिजमध्ये लावायला सांगा. वरून उघडणाऱ्या आइस-लाइन्ड फ्रिजमध्ये तळ सर्वांत थंड असतो, म्हणून गोठण्याला नाजूक लसी वरच्या टोपलीत. समोरून उघडणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा आणि गार हवा येते ती जागा टाळायची, दारात काहीही ठेवायचे नाही. लावून झाले की दुसऱ्या गटाने चुका शोधायच्या.

तापमान दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही. सतत नोंद ठेवणारे यंत्र असेल तर त्याचा अलार्म कशाने वाजतो ते दाखवा: उणे ०.५ अंश किंवा त्याखाली सलग ६० मिनिटे, नाहीतर ८ अंशांच्या वर सलग १० तास. या दोन आकड्यांतली तफावत पाहिली की गोठण्याची भीती किती जास्त बाळगायची ते शिकणाऱ्यांच्या आपोआप लक्षात येते. मी तिथे मुद्दाम थांबते आणि त्यांनाच कारण सांगायला लावते.

मग व्हीव्हीएम, म्हणजे कुपीवरचे ते गोल चिन्ह. आतला चौकोन सुरुवातीला बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असतो आणि उष्णता लागत जाते तसतसा गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद. शिकवायची चार-पाच चिन्हे छापून आणा, पण खऱ्या कुपीवरचे चिन्हही खिडकीच्या उजेडात वाचायला लावा, कारण चिन्ह इवलेसे असते आणि अंधुक खोलीत ते वाचताना चांगल्या डोळ्यांचीही चूक होते. आणि हे सांगायला विसरू नका की व्हीव्हीएम गोठण्याबद्दल काहीही सांगत नाही. चौकोन छान फिका दिसतो म्हणून गोठलेली लस दिली गेल्याचे मी पाहिले आहे.

आइस पॅकचा धडा सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत उपयोगी. फ्रीझरमधून काढलेला, पांढरा, कडक पॅक थेट कॅरियरमध्ये घातला तर शेजारची पेंटाव्हॅलंट वाटेतच गोठू शकते. पॅक बाहेर टेबलावर मांडायचे आणि थांबायचे. कानाजवळ धरून हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की पॅक तयार. याला हवेप्रमाणे अर्धा तास ते तासाहून जास्त लागतो. प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी आल्या आल्या पॅक टेबलावर मांडा आणि प्रत्येकाला तो आवाज ऐकवा. ज्याने तो ऐकला, तो घड्याळाकडे न बघता कान वापरतो.

शेक टेस्ट प्रत्येकाने स्वतः करायची

कुपीतली लस कधी गोठली होती का, हे हलवून ओळखायची ही चाचणी. ती पाठ असणारे शेकडो भेटतात, केलेली असणारे थोडे. तयारी आदल्या दिवशी करावी लागते.

ज्या कुपीबद्दल शंका आहे तिच्याच कंपनीची, तिच्याच बॅचची दुसरी कुपी घ्या. तिच्यावर ‘गोठवलेली, वापरू नये’ असे लिहा आणि ती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पूर्ण गोठवा. सकाळी ती आपोआप वितळू द्या, गरम करू नका. मग दोन्ही कुप्या एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा, सपाट जागी शेजारी शेजारी ठेवा आणि अर्ध्या तासापर्यंत पाहत राहा. मुद्दाम गोठवलेल्या कुपीत गाळ लवकर खाली बसतो आणि वर निवळ पाणी दिसू लागते. शंकेच्या कुपीतला गाळ तिच्यापेक्षा हळू बसला तर लस वापरता येते. तितक्याच वेगाने किंवा जास्त वेगाने बसला, तर ती बॅच बाजूला ठेवून वरिष्ठांना कळवायचे.

दोन गोष्टी नीट बिंबवा. कुपी बर्फासारखी कडक सापडली तर चाचणी करायची नाही, ती थेट बाद. आणि ही चाचणी फक्त ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या लसींना लागू पडते. टोचायच्या पोलिओच्या लसीत तो नसतो, तिच्यावर चाचणी करून काही कळत नाही.

चाचणी चालू असताना सगळे जण गप्प उभे राहून कुपीकडे पाहतात. त्या अर्ध्या तासात मी काही शिकवत नाही.

लस कालवणे : इथे घाई नको

बीसीजी, गोवर-रुबेला यांसारख्या लसी भुकटीच्या रूपात येतात आणि डायल्युअंटमध्ये, म्हणजे सोबत येणाऱ्या द्रवात, कालवाव्या लागतात. सगळ्यांत घातक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून या सरावाला मी इतर कशापेक्षाही जास्त वेळ देते. वरच्या दोन घटनांखेरीज तिसरीही सांगते. मे २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये गोवराच्या मोहिमेत १५ मुले दगावली. चार दिवसांच्या मोहिमेत लस कालवायला एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरली गेली होती, लस शीतसाखळीबाहेर राहिली होती, आणि टोचणाऱ्या चमूला प्रशिक्षणच मिळालेले नव्हते.

सराव असा. डायल्युअंट त्याच कंपनीचे, त्याच लसीसाठी दिलेलेच. दुसऱ्या लसीचे नाही, साधे पाणी नाही. कालवण्याआधी ते लसीइतकेच गार हवे, म्हणून आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. कुपी आणि डायल्युअंट दोन्हींची लेबले मोठ्याने वाचायची: नाव, मुदत, आणि लसीच्या कुपीवरचा व्हीव्हीएम. मनात नाही, मोठ्याने. शेजारच्याला ऐकू गेले पाहिजे. सुरुवातीला सगळ्यांना संकोच वाटतो, दहाव्या कुपीपर्यंत तो जातो. प्रत्येक कुपीला नवी, निर्जंतुक सिरिंज. डायल्युअंट सगळे ओढून घ्यायचे, सावकाश सोडायचे, कुपी हलकेच गोल फिरवायची. मग लगेच कुपीवर वेळ लिहायची.

वेळ का? कारण कालवलेल्या या लसींत जंतूंची वाढ रोखणारे काही नसते. सहा तास किंवा सत्राचा शेवट, यातले जे आधी येईल तेव्हा उरलेली लस टाकून द्यायची. ठेवून दुसऱ्या दिवशी वापरलेल्या गोवराच्या लसीत स्टॅफिलोकोकस जंतू वाढतात आणि बाळाला काही तासांत खूप ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात. उपचार मिळायला उशीर झाला तर मूल दगावते.

पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प या द्रवरूप बहुमात्रा कुप्या उघडल्यानंतर २८ दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येतात, पण सगळ्या अटी पाळल्या तरच: मुदत शिल्लक, व्हीव्हीएम ठीक, तापमान सांभाळलेले, कुपी पाण्यात बुडालेली नाही, मात्रा स्वच्छ पद्धतीने काढलेल्या. उघडल्याची तारीख कुपीवर लिहायची. इथे एक सोपी खूण शिकवा. व्हीव्हीएम लेबलवर असेल तर २८ दिवसांचा नियम लागू होऊ शकतो. टोपणावर किंवा कुपीच्या मानेवर असेल तर सहा तासांचा.

कुपी वाया जाईल या भीतीने एकाच बाळासाठी गोवराची कुपी न उघडणारे कर्मचारी खूप आहेत. त्यांना वाया गेलेल्या मात्रांचा जाब विचारला गेलेला असतो, म्हणून ते तसे वागतात. आलेले बाळ लस न घेता परत गेले तर पुन्हा येईलच याची खात्री नसते. कुपी उघडा, असे प्रशिक्षणात त्यांच्या वरिष्ठांसमोर सांगा.

सुई

लहान बाळाला स्नायूत द्यायची लस मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, ९० अंशांत. त्वचेखाली द्यायची ४५ अंशांत. ढुंगणावर लस कधीही नाही, तिथे सायटिक नस आहे. एकाच मांडीत दोन लसी द्यायच्या झाल्या तर दोन जागांमध्ये अडीच सेंटिमीटर अंतर. सुई आत गेल्यावर रक्त येते का पाहायला दट्ट्या मागे ओढायची गरज नाही. त्याने फक्त दुखणे वाढते.

बीसीजी शिकवायला संत्रे घ्या. सुई जवळजवळ आडवी, तिरकी कापलेली बाजू वर, टोक सालीच्या अगदी वरच्या थरात. नीट गेले तर दट्ट्या दाबताना अडथळा जाणवतो. सरर्कन आत गेले तर सुई खोल गेली. बाळाच्या त्वचेवर मात्र खूण स्पष्ट असते: सालीसारखे बारीक खड्डे असलेला छोटा, फिकट फुगवटा. संत्र्यावर पंधरा-वीस वेळा केल्याशिवाय कुणालाही बाळाच्या हाताला सुई लावू देऊ नका.

दुखणे कमी करणे हाही कौशल्याचाच भाग आहे. बाळ आईच्या मांडीवर, बसते, नीट धरलेले. अंगावर पीत असेल तर टोचतानाही पिऊ द्यावे. तोंडावाटेची लस आधी, आणि जास्त दुखणारे इंजेक्शन सगळ्यांत शेवटी. धरायचे कसे ते आईला आधी दाखवा. ‘घट्ट धरा’ एवढे म्हणून भागत नाही.

वापरलेल्या सुईवर टोपण परत लावायचे नाही. सुई थेट सेफ्टी बॉक्समध्ये, आणि बॉक्स पाऊण भरला की बंद. बॉक्स टेबलावर कुठे ठेवायचा ते प्रत्येकाने ठरवून दाखवावे: हात वळवला की पोहोचेल असा, आणि बाळाच्या पायांपासून दूर. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचे, पिळायचे नाही, ताबडतोब कळवायचे. कळवणाऱ्याला कुणी रागावणार नाही, असे तुमच्या केंद्रावर खरोखर असेल तरच हा शेवटचा भाग शिकवण्यात अर्थ आहे.

कुणाला द्यायची, कुणाला थांबवायची

हा भाग कार्डांवरून शिकवा. वीसेक भरलेली कार्डे तयार करा आणि प्रत्येक कार्डासोबत एक वाक्य द्या: बाळाला सर्दी आहे, जुलाब होतात, वजन कमी आहे, वेळेआधी जन्मलेले आहे, अँटिबायोटिक चालू आहे. या कुठल्याही कारणाने लस थांबवायची नाही, पण प्रत्यक्षात याच कारणांनी बाळे परत पाठवली जातात. खरी कारणे मोजकी आहेत. आधीच्या मात्रेनंतर ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, झाली असेल तर ती लस पुन्हा नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या बाळाला जिवंत जंतूंच्या लसी नाहीत. खूप आजारी, दाखल करण्यासारखे बाळ असेल तर आधी उपचार.

उशीर झालेल्या बाळांचा सरावही याच कार्डांवर. दोन मात्रांमधले कमीत कमी अंतर बहुधा चार आठवडे. जास्तीत जास्त अंतर असे काही नाही. मधे सहा महिने गेले तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबले तिथून पुढे.

पालकांशी बोलणे

निघण्यापूर्वी प्रत्येक पालकाला चार गोष्टी कळायला हव्यात: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, आता काय होऊ शकते आणि झाले तर काय करायचे, पुढे कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचे. हे एका मिनिटात बसते. जोड्या करून सराव घ्या, एक पालक, एक कर्मचारी, तिसऱ्याने घड्याळ लावायचे.

काय होऊ शकते हे मोघम सांगू नका. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप, जागा दुखणे. गोवराच्या लसीनंतर साधारण सहा ते बारा दिवसांनी ताप किंवा पुरळ. बीसीजीच्या जागी दोन आठवड्यांनंतर गाठ, मग छोटी जखम, मग व्रण. हे आधी सांगितलेली आई सातव्या दिवशी पुरळ पाहून घाबरत नाही. न सांगितलेली आई पुढच्या मात्रेला येत नाही.

लस नको म्हणणाऱ्या पालकाच्या भूमिकेत मी स्वतः बसते. बहुतेक कर्मचारी पहिल्या वाक्यातच समजूत काढायला लागतात. त्यांना थांबवते आणि एकच काम देते: आधी एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. ‘तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?’ नकारामागे कित्येकदा शेजारच्या बाळाला आलेला ताप असतो, किंवा मागच्या वेळी तासभर ताटकळल्याचा राग असतो. आजारांची यादी ऐकवून त्यावर उपाय होत नाही.

काही विपरीत घडले तर

ॲनाफिलॅक्सिस फार विरळा, दहा लाख मात्रांमागे एखादी. म्हणूनच तिचा सराव हवा, कारण अख्ख्या नोकरीत ती कधी दिसलीच नाही असे होऊ शकते, आणि दिसेल तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

पहिले काम, साध्या चक्करेपासून ती ओळखणे. चक्कर टोचताना किंवा लगेचच येते, माणूस पांढरा पडतो, नाडी मंद होते, आडवे केले की थोड्या वेळात बरे वाटते. लहान बाळांत ती सहसा दिसत नाही, म्हणून बाळ अचानक मलूल झाले तर गंभीर समजा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी जलद आणि क्षीण होते, अंगावर गांधी उठतात, ओठ-चेहरा सुजतो, श्वासाला घरघर किंवा अडथळा येतो, आणि आडवे केल्यानेही सुधारणा होत नाही.

मग कृती. आडवे करा, पाय वर, श्वास लागत असेल तर बसते राहू द्या. १:१००० ॲड्रिनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिलिटर, जास्तीत जास्त ०.५. मदत बोलवा, एकटे सोडून जाऊ नका. पाच मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा मात्रा. रुग्णालयात न्या. गांधी नाहीत म्हणून ॲड्रिनॅलिन रोखायचे नाही. वयानुसार मात्रेचा तक्ता किटच्या झाकणावर आतून चिकटवलेला असावा, त्या क्षणी कुणालाही गुणाकार करायला लावू नये.

याचा सराव न सांगता घ्या. दुपारी, दुसराच विषय चालू असताना, बाहुली टेबलावर ठेवा, ‘बाळाचा श्वास अडकतोय’ म्हणा आणि घड्याळ सुरू करा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा किट कपाटात कुलूपबंद होते आणि किल्ली सुटीवर गेलेल्या माणसाकडे होती. त्या दिवसापासून किट सत्राच्या टेबलावरच असते, आणि सत्र सुरू होण्याआधी ॲड्रिनॅलिनची मुदत तपासली जाते. लस घेतल्यावर थांबायला सांगतो ती पंधरा ते तीस मिनिटे यासाठीच असतात. पालकांना बसायला जागा आणि कर्मचाऱ्याला ते दिसतील अशी मांडणी करा.

लसीकरणानंतर घडलेली प्रत्येक गोष्ट लसीमुळेच असते असे नाही. कारणे पाच प्रकारची मानतात: लसीच्या गुणधर्मामुळे, लसीच्या दर्जातील दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, टोचण्याच्या भीतीमुळे किंवा ताणामुळे, आणि निव्वळ योगायोगाने. कोणता प्रकार हे ठरवणे कर्मचाऱ्याचे काम नाही, कळवणे आहे. मृत्यू, दाखल करावे लागणे, किंवा एकाच सत्रातली अनेक बाळे आजारी पडणे, हे तत्काळ. कुपी फेकू नका, तापमान सांभाळून ठेवा. बॅच क्रमांक, वेळ, त्याच कुपीतून आणखी कुणाला दिली ते लिहा. आणि घरी जा. पालकांना भेटायला सगळ्यांत आधी आरोग्य केंद्राचा माणूस गेला पाहिजे. काय झाले ते अजून शोधतोय, असे खरे सांगितले तरी चालते. तोंड चुकवलेले चालत नाही.

नोंदी : गळती त्यांनाच काढू द्या

कर्मचारी नोंदी वर पाठवण्यासाठी ठेवतात, कारण त्या त्यांच्या उपयोगाच्या आहेत हे कुणी दाखवलेले नसते. प्रत्येकाला स्वतःच्या केंद्राची वही आणायला सांगा. पेंटाव्हॅलंटची पहिली मात्रा १२० बाळांना, तिसरी ९६ बाळांना असेल, तर २४ बाळे मधे गळाली: २४ भागिले १२०, म्हणजे २० टक्के गळती. दहा टक्क्यांच्या वर गेली की कारण शोधायचे. ही सगळी बाळे एकदा केंद्रापर्यंत आली होती. म्हणजे अंतर किंवा अज्ञान हे कारण कमी, आपल्याकडे त्यांना काय अनुभव आला हे कारण जास्त. त्या २४ जणांची नावे वहीतूनच काढायला लावा आणि पुढच्या महिन्यात कोण कुणाकडे जाणार ते तिथेच ठरवा. ज्या बाळांचे नाव वहीत कधी आलेच नाही त्यांचा शोध वेगळा, घरोघरचा. गोवरासाठी तर दोन्ही मात्रा ९५ टक्के मुलांपर्यंत पोहोचाव्या लागतात, कारण एक रुग्ण असुरक्षित वस्तीत बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो.

परीक्षा हातांची

लेखी चाचणी सुरुवातीला आणि शेवटी घ्या, पण तिच्यावरून उत्तीर्ण ठरवू नका. कुपी कालवणे, त्वचेतले इंजेक्शन, व्हीव्हीएम वाचन, कॅरियर भरणे, ॲनाफिलॅक्सिस, पालकांशी एक मिनिट: प्रत्येकाची तपासयादी हातात घेऊन प्रत्येकाला करून दाखवायला लावा. काही पायऱ्या अशा आहेत की त्या चुकल्या तर बाकी सगळे बरोबर असूनही पुन्हा करायचे. लेबल वाचणे, नवी सिरिंज, वेळ लिहिणे या त्या. ज्याला जमले नाही त्याला बाजूला घेऊन सराव द्या, सगळ्यांसमोर नाही. शेवटचा अर्धा दिवस खऱ्या सत्रात, प्रत्येकाच्या शेजारी एक अनुभवी हात.

महिन्या-दीड महिन्याने त्यांच्या दारात

प्रशिक्षणाचा परिणाम चार ते सहा आठवड्यांनी कळतो. तीच तपासयादी घेऊन केंद्रावर जा. आधी जे नीट चालले आहे ते बोला, मग एक किंवा दोनच गोष्टी सुधारा, त्याही करून दाखवून. दहा चुका एका भेटीत सांगितल्या तर एकही सुधारत नाही. निघण्यापूर्वी काय ठरले ते केंद्राच्या वहीत दोघांच्या सहीने लिहा, पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात. तुमच्याकडून काही द्यायचे ठरले असेल, थर्मामीटर, बॉक्स, फोन नंबर, तर तेही त्याच पानावर लिहा.

तिसऱ्या भेटीत मी काही तपासत नाही. केंद्रावर नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याला लस कालवायला शिकवा, असे जुन्या कर्मचाऱ्याला सांगते आणि भिंतीपाशी उभी राहते. ती त्याला लेबल मोठ्याने वाचायला लावते का, एवढेच ऐकते. लावत असेल, तर त्या केंद्राची पुढची भेट तीन महिन्यांनी.